रिळांची साक्ष

१ जुलै १९१६ रोजी सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी उत्तर फ्रान्समधल्या बोमाँ-हामेल गावाजवळ, हॉथॉर्न टेकाडाखाली पेरलेला सुरुंग उडाला. जेफ्री मॅलिन्स हा ब्रिटिश कॅमेरामन त्या वेळी समोर तिपाई लावून कॅमेऱ्याची मूठ फिरवत होता. मातीचा प्रचंड लोट उसळतो, वर क्षणभर अडकल्यासारखा राहतो आणि विखरून खाली येतो, एवढेच त्या फितीत दिसते. दहा मिनिटांनी सोमच्या लढाईतला पायदळाचा हल्ला सुरू झाला. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे ५७,४७० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतले मृत १९,२४०. मॅलिन्स आणि जे. बी. मॅक्डॉवेल या दोघांच्या चित्रणातून ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा सव्वा तासाचा मूकपट तयार झाला आणि लढाई चालू असतानाच, ऑगस्ट १९१६ मध्ये, लंडनच्या चित्रपटगृहांत लागला. पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये तो सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. आपल्या घरचा चेहरा दिसेल या आशेने अनेक जण पडद्याला डोळे लावून बसत. २००५ मध्ये युनेस्कोने ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या नोंदवहीत या चित्रपटाला स्थान दिले.

या चित्रपटाविषयी, आणि दोन्ही महायुद्धांच्या एकूणच चित्रणाविषयी, गेली अनेक वर्षे दोन भूमिका एकमेकींसमोर उभ्या आहेत. इथे त्या दोन व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. एक आहे अभिलेखपाल: रिळे तपासणे, त्यांची नोंद करणे, ती टिकवणे हे तिचे काम. दुसरा माहितीपटकार: तीच रिळे मागवून आजच्या प्रेक्षकासाठी त्यांतून नवा माहितीपट बांधणारा. दोघांचीही या चित्रणावर निष्ठा आहे, म्हणूनच त्यांचा वाद ऐकण्याजोगा आहे.

माहितीपटकार सुरुवातीलाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. “सोमच्या चित्रपटातला सर्वांत गाजलेला तुकडा घ्या. सैनिक खंदकाची कड चढून वर जातात, एक जण वर पोचण्याआधीच घसरून खाली येतो. पहिल्या महायुद्धावरचा असा माहितीपट शोधून सापडायचा नाही, ज्यात हा तुकडा नाही. आणि तो लढाईत घेतलेलाच नाही. तुम्ही ज्याला पुरावा म्हणून जपता, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पानाची ही गत आहे.”

“ते लढाईतले नाही हे कळले कसे, ते आधी पाहू या,” अभिलेखपाल म्हणते. “कॅमेरा अशा जागी आहे की खरा गोळीबार असता तर कॅमेरामन जागीच आडवा झाला असता. सैनिकांच्या पाठीवर त्या दिवशीचे पूर्ण ओझे नाही. काटेरी तारांचे कुंपण नावापुरते आहे. गोळी लागून पडलेला एक जण पडल्यावर पाय नीट जुळवून घेतो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या अभ्यासकांनी हे सारे ताडून पाहिले आणि हा तुकडा आघाडीच्या मागे, उखळी तोफांच्या प्रशिक्षण केंद्रात घेतला असावा, असा निष्कर्ष काढला. फितीतली लबाडी फितीनेच पकडून दिली. रीळ मूळ स्वरूपात राहिले नसते, तर तेवढेही हाती लागले नसते.”

असे तुकडे का घडवले गेले, याचे कारण बरेचसे यंत्रात आहे. कॅमेरा अवजड, तिपाईवाचून न चालणारा, हाताने फिरवायचा. फीत मंद, पहाटेच्या अंधुक उजेडात आणि धुरात फारसे न टिपणारी. हल्ल्याच्या क्षणी सैनिकांच्या जवळ उभे राहून चित्रण करणे जवळपास अशक्य होते, आणि प्रेक्षकाला नेमका तोच क्षण हवा होता. पण सबंध चित्रपटात बनावट भाग अगदी थोडा आहे, ही गोष्ट त्या एका तुकड्याच्या प्रसिद्धीमुळे झाकली जाते. त्याच चित्रपटात एक सैनिक जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येतो, कॅमेऱ्याकडे एकदा पाहतो आणि पुढे जातो. पाठीवरचा माणूस अर्ध्या तासात मरण पावला, असे पडद्यावरची पाटी सांगते. तो प्रसंग कोणी रचलेला नाही.

हे पाहून सगळेच समाधानी झाले नव्हते. डरहॅमचे डीन हेन्स्ली हेन्सन यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून या चित्रपटाचा निषेध केला. ज्यांची माणसे गेली, त्यांच्या दुःखाचे असे खेळ लावू नयेत, असा त्यांचा आक्षेप होता. मृत माणसाचे चित्र दाखवावे का, कोणाला दाखवावे, आणि तिकीट लावून दाखवावे का, हा प्रश्न युद्धपटाइतकाच जुना आहे.

माहितीपटकार मग वादाची दिशा बदलतो. “तुमच्या कोठारातल्या बनावट गोष्टींचे एक वेळ जाऊ द्या. तिथे जे नाहीच, त्याचे काय करायचे? सोमच्या दोन महिने आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे इंग्रजांच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. ती फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी, ११७ वी. पाच महिने वेढा, उपासमार, आणि नंतर कैद्यांची वाळवंटातली पायपीट. त्यांच्या वाट्याला सोमसारखा चित्रपट आला नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांतली माणसे तिकडे गेली, आणि पडद्यावर मात्र पहिले महायुद्ध म्हणजे फ्रान्समधला चिखल, अशी समजूत कायमची बसली.”

हा मुद्दा अभिलेखपाल नाकारत नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी गेली. त्यांचे जे चित्रण आहे, ते कोणाच्या तरी हेतूने केलेले. १९१५ मध्ये हिल्टन गर्डवुड याने फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांचे चित्रण केले, त्यातले गुरख्यांचे हल्ले आघाडीच्या मागे घडवून घेतलेले होते. “म्हणूनच प्रत्येक डब्याबरोबर त्याचे कागद हवेत,” ती म्हणते. “कॅमेरा कोणी धरला होता, कोणाच्या हुकमावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी. हे माहीत असेल तर गर्डवुडचे रीळही कामाचे. गुरखे कसे लढले ते त्यातून कळणार नाही. साम्राज्याला ते कसे लढताना दाखवायचे होते, ते नेमके कळेल.”

युद्धचित्रणाच्या या साऱ्या चर्चेत एक बाब नेहमी मागे पडते: ज्या पदार्थावर ते टिकून आहे, तो पदार्थ. १९५० च्या सुमारापर्यंत ३५ मिलिमीटरची व्यावसायिक फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. नायट्रेट झटकन पेट घेते आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही ते विझत नाही. जळाले नाही तरी ते सडते: चित्र फिके पडते, फीत चिकट होते, थर एकमेकांना चिकटतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पुढे आलेली अ‍ॅसिटेटची ‘सुरक्षित’ फीतही उष्णतेत आणि दमट हवेत कुजू लागते आणि तिला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूटलँड इथल्या कोठाराला आग लागली आणि युनिव्हर्सल कंपनीच्या वार्तापटांची सव्वा कोटी फुटांच्या आसपास फीत खाक झाली. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट कोठाराला आग लागली आणि आरंभीच्या भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. थंड, कोरडी, हवेशीर जागा आणि वेळेवर केलेली प्रत, याखेरीज या फितीला दुसरा उपाय नाही. या खर्चाला मंजुरी देणारे हात मात्र सगळीकडेच आखडते असतात.

इथे माहितीपटकाराला संधी दिसते. “मग नुसते जपून काय साधले? कोणी पाहिलेच नाही, तर थंड खोलीतले रीळ आणि जळालेले रीळ यांत फरक तो काय?”

“फरक एवढाच, की थंड खोलीतले रीळ उद्या कोणी तरी पाहू शकते.”

दुसऱ्या महायुद्धात सरकारांनी चित्रणाचे कामच पलटणीसारखे उभारले. जर्मनीत प्रचार-तुकड्यांचे कॅमेरामन आघाडीवर जात, त्यांची रिळे बर्लिनला येत आणि ‘डॉयचे वोखेनशाऊ’ या वार्तापटात लागत. ब्रिटिश सैन्याने स्वतःचा चित्रपट व छायाचित्रण विभाग काढला. त्याच्या कॅमेरामनला प्रत्येक रिळाबरोबर ‘डोप शीट’ नावाचा तक्ता भरावा लागे, त्यात जागा, तारीख, कोणत्या दृश्यात काय आहे, हे लिहायचे. भारतात १९४० साली फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले, १९४३ मध्ये त्याच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट निघू लागला. दर खेळाला सरकारमान्य पट दाखवण्याची सक्ती चित्रपटगृहांवर झाली. त्या पटांत जवान होते, कारखाने होते. १९४३ च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यावर मरणारी माणसे त्या सरकारला पडद्यावर नको होती. लोकांना हा सरकारी प्रचार इतका जाचला, की १९४६ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. त्याचा परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ रोजी सरकारजवळ स्वतःचे चित्रपट पथक नव्हते, आणि त्या दिवसाचे चित्रण खासगी व परदेशी कॅमेऱ्यांवर सोडावे लागले. फिल्म्स डिव्हिजन मुंबईत उभी राहिली ती १९४८ मध्ये. ‘इंडियन न्यूज परेड’चे अंक आणि इटली, ब्रह्मदेशातल्या भारतीय पलटणींचे चित्रण आज पाहायचे, तर लंडनच्या त्याच युद्धसंग्रहालयाचे दार ठोठावावे लागते.

वादातला सर्वांत कठीण भाग यानंतर येतो.

मे १९४२ मध्ये एक जर्मन पथक वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात, म्हणजे घेट्टोत, महिनाभर चित्रण करत होते. त्याचा तासाभराचा, अपुरा, आवाजाविना राहिलेला पट युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या अभिलेखागारात मिळाला. डब्यावर नाव होते ‘दास घेट्टो’. त्यात उपासाने रस्त्यावर पडलेली मुले आहेत, आणि लगेच पुढे उंची कपडे घालून जेवायला बसलेली माणसे. घेट्टोतल्या जीवनाचे अस्सल चित्रण म्हणून त्याचे तुकडे कित्येक माहितीपटांत वापरले गेले. १९९८ मध्ये त्याच चित्रणातले, वगळलेल्या दृश्यांचे सुमारे अर्ध्या तासाचे रीळ सापडले, आणि सारे उघडे पडले. एकच प्रसंग पुनःपुन्हा घेतला जातो. भिकाऱ्याकडे न पाहता पुढे जा, म्हणून त्याच बाईला परत चालायला लावले जाते. एका दृश्यात दुसरा कॅमेरामनच चौकटीत येतो. घेट्टोच्या ज्यू परिषदेचा अध्यक्ष आडाम चेर्निआकोव याने रोजनिशीत या पथकाच्या येण्याजाण्याच्या नोंदी केल्या होत्या. त्या आणि हे रीळ एकमेकांना जुळले. श्रीमंत ज्यू गरीब ज्यूकडे ढुंकून पाहत नाही, असे दाखवण्याचा तो डाव होता. २२ जुलै १९४२ ला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी चेर्निआकोवने आत्महत्या केली. इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की हिने २०१० च्या ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ या माहितीपटात हे सारे रीळ घेट्टोतून वाचलेल्या वृद्धांना दाखवले आणि पाहताना त्यांचे चेहरे टिपले.

“हेच मी म्हणतो,” माहितीपटकार म्हणतो. “हेर्सोन्स्की माझ्या बाजूची आहे. तिने रीळ नुसते दाखवले नाही. थांबवले, मागे नेले, त्यावर बोलली, साक्षीदार समोर बसवले. मूळ रीळ जसेच्या तसे दाखवले असते, तर १९४२ चा प्रचार २०१० मध्ये पुन्हा एकदा झाला असता.”

“आणि तिला ते करता आले, कारण वगळलेल्या दृश्यांचे रीळ कोणी तरी निरुपयोगी म्हणून फेकून दिले नव्हते,” अभिलेखपाल उत्तर देते. “संकलक ज्याला कचरा म्हणतो, त्यातच बहुधा खरी गोष्ट असते. ती बाई दुसऱ्यांदा चालते, तेव्हाच तिच्या चेहऱ्यावरची भीती दिसते. आणखी एक सांगते. तो पट खोटा, पण त्यातली मुले खरी होती. हेतू खोटा म्हणून माणसांना खोटे ठरवता येत नाही.”

याच संदर्भात ती नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीचे उदाहरण देते, आणि ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. १९४४ च्या वसंतात छावणीचा प्रमुख गेमेकर याने आपल्या कारभाराचे चित्रण करवून घेतले. कॅमेरा होता रुडॉल्फ ब्रेसलाउअर या कैद्याच्या हाती. तो स्वतः ज्यू होता आणि व्यवसायाने छायाचित्रकार. त्या चित्रणात आउश्वित्झकडे निघणारी गाडी आहे, आणि दार लागण्यापूर्वी डोक्याला फडके बांधलेली एक मुलगी फटीतून काही सेकंद बाहेर पाहते. कित्येक वर्षे ती ज्यू मुलांच्या संहाराचे प्रतीक म्हणून पुस्तकांवर, पडद्यावर झळकली. तिला नाव नव्हते. आद वाखेनार या डच पत्रकाराने वाघिणीवर खडूने लिहिलेले आकडे, एका पेटीवरची अक्षरे आणि रवानगीच्या याद्या यांची सांगड घातली. गाडी १९ मे १९४४ ची ठरली, आणि १९९४ मध्ये मुलगी ओळखली गेली. ती सेटेला स्टाइनबाख, वय नऊ वर्षे, सिंती समाजाची. त्याच उन्हाळ्यात आउश्वित्झ-बिर्केनाउमध्ये तिला मारण्यात आले. ब्रेसलाउअरही त्याच वर्षी आउश्वित्झला पाठवला गेला आणि परत आला नाही. युरोपातल्या सिंती आणि रोमा लोकांचा संहार युद्धानंतर फार काळ दुर्लक्षित राहिला. त्या संहाराचा सर्वांत परिचित चेहरा मात्र इतकी वर्षे सर्वांच्या नजरेसमोर होता. चौकटीच्या कडेला पडलेले आकडे आणि त्यांना जोडलेले कागद नसते, तर तो तसाच अनाम राहिला असता. पूर्वीच्या माहितीपटांत संकलकाने चेहरा जवळून दिसावा म्हणून चौकट कापली असती आणि मूळ रीळ उरले नसते, तर हा शोध तिथेच संपला असता, हे अभिलेखपाल आवर्जून सांगते. माहितीपटकाराजवळ याला उत्तर नाही, आणि तो ते द्यायचा प्रयत्नही करत नाही.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य बेर्गेन-बेल्झेन छावणीत शिरले. आत सुमारे ६०,००० जिवंत कैदी आणि पुरायच्या राहिलेल्या हजारो मृतदेहांचे ढीग होते. सैन्याच्या चित्रपट विभागाचे कॅमेरामन पुढचे काही आठवडे चित्रण करत राहिले. लोक हे मानणार नाहीत, ही शंका पहिल्या दिवसापासून होती. निर्माता सिडनी बर्नस्टाइन याने ध्वनिमुद्रण करणारे पथक मागवले आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांना जागा, तारीख, स्वतःचे नाव बोलायला लावले. त्याने सल्ल्यासाठी बोलावलेल्या आल्फ्रेड हिचकॉकचे म्हणणे असे की शॉट लांब असावेत, कॅमेरा न थांबता वळावा. मृतदेह आणि तिथे उभे केलेले जर्मन नागरिक एकाच शॉटमध्ये आले, तर ही जोडाजोड आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. ज्या दिग्दर्शकाची सारी कीर्ती कापाकापीच्या कौशल्यावर उभी, त्याने इथे कात्री बाजूला ठेवायला सांगितले. हा सल्ला युद्धचित्रणाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा मानायला हवा.

न्यूरेम्बर्गच्या खटल्यातही तीच काळजी होती. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यायालयात छावण्यांचा तासाभराचा पट दाखवला गेला. ८०,००० फुटांतून निवडलेले ते ६,००० फूट होते, आणि दृश्यांत फेरफार केलेला नाही अशी प्रतिज्ञापत्रे पटाच्या सुरुवातीलाच होती. अंधारात आरोपींच्या पिंजऱ्यावर मंद दिवे ठेवले होते. मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून नोंदी करत होता. ११ डिसेंबरला दुसरा पट दाखवला, तो नाझींच्याच वार्तापटांतून आणि प्रचारपटांतून जुळवलेला. त्यांनी अभिमानाने टिपून ठेवलेली रिळे त्यांच्यावरच उलटली.

बर्नस्टाइनचा पट मात्र पुरा झाला नाही. १९४५ च्या उन्हाळ्यानंतर उद्ध्वस्त जर्मनीला उभे करण्याची निकड वाढली, जर्मन जनतेला असा पट दाखवण्याचा उत्साह सरकारात उरला नाही, आणि तो डब्यात गेला. सहापैकी पाच रिळे पुढे युद्धसंग्रहालयाकडे आली. संग्रहालयाने जुनी संहिता, शॉटच्या याद्या आणि कॅमेरामनच्या डोप शीट यांच्या आधारे सहावे रीळ बांधून २०१४ मध्ये ‘जर्मन कॉन्सन्ट्रेशन कॅम्प्स फॅक्च्युअल सर्व्हे’ पुरा केला. १९४५ च्या अपुऱ्या माहितीमुळे निवेदनात आलेल्या त्रुटी त्यांनी तशाच ठेवल्या.

“त्रुटी ठेवणे मला पटत नाही,” माहितीपटकार म्हणतो. “आजचा प्रेक्षक चुकीचा आकडा ऐकून घरी जाईल.”

“निवेदनातला आकडा १९४५ चा आहे. तो दुरुस्त केला तर पट १९४५ चा राहणार नाही. दुरुस्ती आधी किंवा नंतर सांगावी, आत शिरून करू नये.”

जपानमध्ये मात्र वेगळीच अडचण झाली; तिथे चित्रणच काढून घेतले गेले. हिरोशिमा-नागासाकीवर बाँब पडल्यानंतर काही आठवड्यांत निप्पोन एइगा-शा या कंपनीची पथके तिथे पोचली. अमेरिकी सैन्याने आधी चित्रण थांबवले, मग आपल्या देखरेखीखाली चालू ठेवले आणि शेवटी सारी फीत ताब्यात घेऊन अमेरिकेला नेली. कंपनीतल्या काही माणसांनी एक अपुरी प्रत लपवून ठेवली होती. १९६७ मध्ये जपानला प्रत परत मिळाली, पण दूरचित्रवाणीवर दाखवताना तिथल्या सरकारनेच जखमी माणसांची दृश्ये त्यांच्या खासगीपणाच्या कारणावरून गाळली. १९७० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एरिक बार्नो यांनी त्या चित्रणातून सोळा मिनिटांचा पट केला. हेच बार्नो भारतीय चित्रपटांच्या इतिहासाचे, एस. कृष्णस्वामींबरोबरचे, लेखक. १९४६ मध्ये अमेरिकी पथकाने घेतलेले रंगीत चित्रणही तीसेक वर्षे गुपित म्हणून बंद होते. १९८० च्या सुमारास जपानी नागरिकांनी ते मिळवण्यासाठी ‘दहा फूट’ चळवळ उभारली: प्रत्येकाने ३,००० येन द्यायचे, म्हणजे अमेरिकी अभिलेखागारातली दहा फूट फीत विकत घेता येईल. त्या रंगीत चित्रणात तानिगुची सुमितेरु आहे, नागासाकीत सायकलवरून टपाल वाटणारा सोळा वर्षांचा मुलगा, पाठीची सारी कातडी गेलेला, पालथा पडलेला. तो वाचला. पुढे आयुष्यभर, २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, आपल्या पाठीचे ते चित्र हातात धरून तो अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिला.

“सरकारने त्याच्यासारख्यांचा खासगीपणा सांभाळला, आणि त्याला स्वतःला ते नको होते,” माहितीपटकार म्हणतो. “मृतांच्या आणि जखमींच्या वतीने परवानगी नाकारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“तानिगुचींनी स्वतः ठरवले, म्हणून त्यांचे चित्र दाखवणे योग्य झाले. बेल्झेनच्या खड्ड्यातल्या बाईला ठरवता आले नाही.”

या टप्प्यावर रंगांचा विषय निघणे अपरिहार्य आहे. २०१८ मध्ये पीटर जॅक्सनने ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हा पट केला. त्यासाठी युद्धसंग्रहालयाचे सुमारे १०० तासांचे चित्रण आणि संग्रहालयाच्या व बीबीसीच्या सुमारे ६०० तासांच्या सैनिकांच्या मुलाखती त्याच्याजवळ होत्या. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला दहा ते अठरा चौकटी भरत. त्या २४ च्या गतीने दाखवल्या की माणसे तुरुतुरु धावतात. जॅक्सनने गती सावरली, चित्राला रंग दिले, ओठ वाचणाऱ्यांच्या मदतीने मुक्या तोंडांना शब्द दिले.

“शंभर वर्षे ती माणसे विदूषकासारखी धावत होती,” माहितीपटकार म्हणतो. “जॅक्सनने त्यांना पुन्हा माणसांसारखे चालायला लावले. मुले पहिल्यांदा त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहू लागली. आणि प्रत्यक्ष हल्ल्याचे खरे चित्रण नाही, तिथे त्याने खोटे घातले नाही. ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ या जुन्या साप्ताहिकातली रेखाचित्रे वापरली. याहून प्रामाणिक काय असते?”

अभिलेखपाल गतीची दुरुस्ती मान्य करते. योग्य गतीने दाखवणे हे दोष काढणेच आहे. तिची हरकत पुढच्या पायरीला आहे. सोळाच्या चोवीस करायच्या, तर दर सेकंदाला आठ चौकटी यंत्राने नव्याने घडवाव्या लागतात. त्या कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेल्या नसतात. गणवेशाचा रंग संग्रहातल्या कोटावरून मिळेल, पण त्या दिवशीचे आभाळ कोणत्या रंगाचे होते हे अंदाजानेच ठरते. “नागासाकीचे लाल फितीवरच उमटलेले आहे. सोमचे लाल कोणी तरी संगणकावर निवडले. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि माझी अडचण तीच आहे. शिवाय रंग कोणाच्या वाट्याला आले तेही पाहा. तो सारा पट पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकांचा आहे. कुतची पायपीट रंगवायला मुळात चित्रच नाही.”

अखेर ती तीन अटी पुढे ठेवते. प्रत्येक तुकड्यावर जागा, तारीख, कॅमेरामन आणि चित्रण करवून घेणारी बाजू लिहिलेली असावी. रंगवलेल्या किंवा गती बदललेल्या तुकड्याचे मूळ रूप प्रेक्षकाला सहज पाहता यावे. आणि छावण्यांतल्या मृतांची दृश्ये संगीताखाली दोन-दोन सेकंद पेरायला देऊ नयेत. दाखवायची तर कॅमेरामनने धरली तेवढी लांब, नाही तर मुळीच नाहीत.

पहिली अट माहितीपटकार मानतो, मात्र प्रत्येक शॉटवर अक्षरे आली तर पट पाहवणार नाही म्हणून ती माहिती शेवटी एकत्र देण्याची मुभा मागतो. अभिलेखपाल ती फक्त ओळखू येणाऱ्या जिवंत-मृत माणसांचे चेहरे नसलेल्या दृश्यांपुरती देते. दुसरी तो बिनशर्त स्वीकारतो. तिसरीवर दोघांचे जमत नाही. पन्नास मिनिटांच्या माहितीपटात बेल्झेनचा तीन मिनिटांचा अखंड शॉट बसत नाही, आणि तो बसत नाही म्हणून बेल्झेनच वगळले, तर १९४५ मध्ये जे झाले तेच आपण पुन्हा करू, असे त्याचे म्हणणे आहे. बसत नसेल तर माहितीपटाची लांबी वाढवावी, असे तिचे.